फेरफार, मुदत आणि मंजुरी

पौड हे मुळशी तालुक्याच्या कचेरीचे गाव आणि हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यानही याच तालुक्यात. तरी या दोन जगांचे परस्परांशी बोलणे क्वचितच घडते. पौडला स्थायिक झालेले एक निवृत्त अव्वल कारकून आणि हिंजवडीची नोकरी सांभाळून उरल्या वेळात मुक्तस्रोत प्रणालींवर काम करणारी त्यांची पुतणी यांच्यात असा एक संवाद झाला, तो येथे देत आहे.

काका : ज्याची आज्ञावली कोणीही वाचावी आणि कोणीही तीत बदल सुचवावा ते मुक्तस्रोत, एवढे मला उमगले. परंतु ज्या दफ्तरात वाटेल त्याने फेरफार करावा, त्या दफ्तरावर विसंबायचे कोणी?

पुतणी : सुचवतो कोणीही, काका, मंजूर मात्र कोणीही करीत नाही. खरेदीखत झाले की सातबाऱ्यावर नवे नाव लागलीच कायम होते का?

काका : छे! तलाठ्याने आधी फेरफार नोंदवहीत नोंद घालायची, चावडीवर तिची प्रत लावायची, हितसंबंधितांना नोटीस बजावायची आणि हरकतीसाठी पंधरा दिवस वाट पाहायची. मंडल अधिकाऱ्याने पडताळून ती प्रमाणित केल्यावाचून नोंद पक्की नाही. महसूल संहितेचे १५० वे कलमच आहे तसे. हाती लिहिण्याच्या काळात तोवर सातबाऱ्यावर पेन्सिलीची नोंद असे, शाई नंतर.

पुतणी : आमचा कोड रिव्ह्यू म्हणजे तीच पडताळणी. लिनक्स या मुक्तस्रोत संगणक-प्रणालीच्या गाभ्याचे उदाहरण घ्या. नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. पैकी पहिले दोनच आठवडे नव्या गोष्टी आत घेतल्या जातात, आणि त्याही त्या त्या विभागाच्या मेंटेनरने, म्हणजे तो विभाग सांभाळणाऱ्याने, आधी तपासून ठेवलेल्या. त्यानंतर दार बंद. पुढे दर आठवड्याला एक कच्ची आवृत्ती निघते आणि तीत केवळ दुरुस्त्याच जातात. शिवाय, ज्या बदलाने लोकांचे चालू कार्यक्रम मोडतील तो बदल, मग तो कितीही सुंदर असो, मागे घ्यायचा, असा तेथे कडक दंडक आहे.

काका : आणि ज्याला नवे काही नको, फक्त निर्वेध चालणारे हवे, त्याने काय करावे?

पुतणी : त्याच्यासाठी स्थिर शाखा असतात. त्यांत जाणारी दुरुस्ती आधी मुख्य प्रवाहात मंजूर झालेली असावी लागते, आणि ती आसपासच्या ओळी धरूनही शंभर ओळींहून मोठी नसावी, असा नियम आहे.

काका : म्हणजे जितके सावकाश तितके निर्धोक, असेच ना?

पुतणी : तसे मला वाटत नाही. सुरक्षेची दुरुस्ती रखडली तर त्या भोकातून चोर शिरतो. माझ्या मते बदलाचा वेग लिहिणाऱ्यांच्या उत्साहाने नव्हे, तर तपासणाऱ्यांच्या बळाने ठरावा. आणि ते बळ फार थोडे असते, याची जाणीव लोकांना नसते याचे मला मनापासून वाईट वाटते. फायली संकुचित करणारी एक्सझेड नावाची प्रणाली असंख्य संगणकांवर असते, आणि ती मुख्यतः एकच गृहस्थ विनामोबदला सांभाळीत होते. २०२२ साली काही अपरिचित नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला की, काम फार मंद चालले आहे, दुसरा माणूस नेमा. जिया तान या नावाने वावरणारी व्यक्ती तेव्हा मदतीस होतीच. तिने पद्धतशीर काम करून विश्वास मिळविला, अधिकार मिळविले, आणि २०२४ च्या आरंभी निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविला.

काका : तपासणीत तो सापडला कसा नाही?

पुतणी : त्याचा ऐवज चाचणीच्या नमुन्यांत दडविला होता. त्या बायनरी फायली. डोळ्यांनी वाचून त्यांतून काय कळणार? आणि त्यांना जागे करणाऱ्या ओळी प्रकाशित संचात होत्या, सर्वांना दिसणाऱ्या भांडारात नव्हत्या. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, असा प्रश्न पडला, त्याने तो सोडला नाही, आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे उघडकीस आले. डेबियन या लिनक्सच्या संचाच्या अस्थिर शाखेत ती आवृत्ती पोहोचली होती. स्थिर शाखेत मात्र नव्हती, आणि त्यामुळेच फार मोठा अनर्थ टळला.

काका : आपल्याकडचे काही सांग. पिरंगुटच्या कारखान्यातल्या हिशेबनिसाला याचे काय?

पुतणी : त्याच्याच उपयोगाचे आहे. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही मुक्तस्रोत हिशेब-प्रणाली आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, आणि तेव्हापासून नमुने, दर, परिपत्रके यांत सतत बदल होत राहिले. सरकारच्या प्रत्येक फर्मानासरशी खातेवहीच्या गाभ्याला हात घालणे धोक्याचे. चौदाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ मध्ये, भारतीय करांचा भाग गाभ्यातून काढून इंडिया कंप्लायन्स नावाने स्वतंत्र केला गेला. आता करांचा भाग कायद्याच्या गतीने बदलू शकतो, आणि जमाखर्चाचा पाया आपल्या गतीने. मला ही तोड फार मोलाची वाटते. कारण तपासणाऱ्यालाही आपण काय तपासीत आहोत ते नेमके कळते.

काका : तुझाही एक बदल अडकला आहे म्हणत होतीस. हरकत काय आली?

पुतणी : बदल मोठा आहे, एका बैठकीत वाचून होत नाही, असे मेंटेनरने लिहिले, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. मी त्याचे तीन तुकडे करीत आहे. पहिल्यात केवळ नावे बदलली आहेत, तो ते सहज तपासतील. दुसऱ्यात नव्या चाचण्या आहेत. प्रणालीचे वर्तन बदलणारा तिसरा तुकडा मात्र पुढच्या आवृत्तीचे दार उघडेपर्यंत थांबेल.