उपनगरांतील नगरकारभार आणि आपण

सकाळीं नळास पाणी येतें. घंटागाडी येऊन घरोघरचा कचरा नेते, रस्ता झाडला जातो, आणि गांवांत मूल जन्मास आलें कीं त्याची नोंद सरकारी दप्तरांत होते. हीं कामें इतक्या नियमानें चालतात कीं तीं कोणी तरी करीत असेल, याचें आपणांस स्मरणहि राहत नाहीं. स्मरण होतें तें एखादे दिवशीं नळ कोरडा राहिला म्हणजे. आम्हीं एकदां वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस, भारताचे पहिले पंतप्रधान कोण, असा प्रश्न केला. सर्वांचे हात वर झाले. पुढें, आपल्या भागाच्या विभाग कार्यालयाचें अक्षर कोणतें, असें विचारतांच वर्गांत शांतता पसरली. ती शांतता पाहूनच हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनांत आणिलें.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं नांवें आज आपण आगगाडीचीं स्थानकें म्हणून घेतों. परंतु पूर्वीं हीं साष्टी बेटावरील निरनिराळीं गांवें होतीं. भातशेतें, वाड्या व विहिरी यांच्या आधारानें तेथील लोक राहत असत. शहर वाढूं लागलें तसे नोकरी-उद्योगासाठीं मुंबईस जाणारे लोक येथें घरें करून राहूं लागले आणि या गांवांची लहान लहान शहरें झालीं. लोकवस्ती वाढली कीं रस्ता, पाणी, गटार व आरोग्य हे चार प्रश्न उभे राहतातच. म्हणून वांद्रें येथें १८७६ सालीं नगरपालिका स्थापन झाली. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला आणि लोकांच्या गांवचा कारभार लोकांनींच पाहावा, हें तत्त्व देशांत मान्य होऊं लागलें. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला. पार्लें-अंधेरी, घाटकोपर-किरोळ अशा जोडनांवांच्या नगरपालिकाहि या भागांत होत्या. त्या काळीं नगरपालिकेचा सभासद म्हणजे पलीकडच्या आळींतला ओळखीचा गृहस्थ असे, आणि रस्त्यांतला खड्डा त्याच्या पायासहि लागत असे.

पुढें ही व्यवस्था बदलली. १५ एप्रिल १९५० रोजीं अंधेरी, घाटकोपर इत्यादि जवळचीं उपनगरें मुंबईच्या महानगरपालिकेंत सामील झालीं. १ फेब्रुवारी १९५७ रोजीं बोरिवली, मुलुंड हीं दूरचीं उपनगरेंहि तींत आलीं आणि हद्द एकीकडे दहिसर व दुसरीकडे मुलुंड येथपर्यंत पोंचली. या बदलानें लाभ झाला, यांत संशय नाहीं. मोठीं धरणें बांधणें, दुरून नळ आणणें, मोठीं रुग्णालयें चालविणें हीं लहान नगरपालिकेच्या शक्तीबाहेरचीं कामें होत. विहार व तुळशी हे तलाव साष्टीच्याच डोंगरांत आहेत. पण १८६० सालीं विहारचें व १८७९ सालीं तुळशीचें काम पुरें झालें तें मुंबई शहराची तहान भागविण्यासाठीं. सारांश, मोठ्या संस्थेंत गेल्यानें उपनगरांस बळ आलें. परंतु जवळीक मात्र उणी झाली. पूर्वीं जो कारभार शेजारच्या आळींत दिसत असे, तो आतां एका प्रचंड संस्थेच्या अनेक खात्यांत वांटला गेला आहे. म्हणून तो समजून घेणें हें पूर्वींपेक्षां आज अधिक अगत्याचें झालें आहे.

महानगरपालिकेचा कारभार १८८८ च्या कायद्यानें चालतो. त्या कायद्याच्या घडणींत सर फिरोजशहा मेहता यांचा मोठा वांटा होता. या कायद्यांत दोन अंगें मानलीं आहेत. एक, लोकांनीं निवडून दिलेलें सभागृह. तें ठराव करितें, अंदाजपत्रक मंजूर करितें व प्रश्न विचारितें. दुसरें, राज्य शासनानें नेमिलेले आयुक्त. ते ठरावांची अंमलबजावणी करितात. सभागृहांत निवडून येणाऱ्या सभासदांच्या २२७ जागा आहेत. १९४८ सालापासून प्रौढ मताधिकारावर निवडणुका होऊं लागल्या. त्यापूर्वीं मताचा हक्क सर्वांस नव्हता. २०१७ सालीं निवडलेल्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजीं संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षें सर्व कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला. त्या काळांतहि पाणी आलें व कचरा उचलला गेला. पण लोकांच्या वतीनें सभागृहांत उभें राहून, हें असें कां, असें विचारणारा कोणी नव्हता. लोकनियुक्त सभासदाचें मोल त्याच्या अभावानें कळतें.

एवढ्या मोठ्या नगराचें काम एका जागेवरून होणें अशक्य. म्हणून त्याचे विभाग पाडले आहेत व त्यांस अक्षरें दिलीं आहेत. अंधेरीस के पूर्व व के पश्चिम, बोरिवलीस आर मध्य, घाटकोपरास एन, मुलुंडास टी, हीं तीं अक्षरें होत. प्रत्येक विभाग कार्यालयावर एक सहायक आयुक्त असतो. त्याच्या हाताखालीं पाणी, रस्ते व गटारें, कचरा, आरोग्य, उद्यानें, करवसुली अशीं निरनिराळीं खातीं काम करितात. आपला नित्याचा संबंध येतो तो याच कार्यालयाशीं.

आतां पैशाविषयीं दोन शब्द. मुलुंड व दहिसर येथील नाक्यांवर मालमोटारींच्या लांबच लांब रांगा लागत, हें पालकांस आठवत असेल. शहरांत येणाऱ्या मालावर तेथें जकात घेतली जाई व तोच महानगरपालिकेच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार होता. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला, जकात बंद झाली आणि तिच्याबद्दल राज्य शासनाकडून भरपाई मिळूं लागली. याखेरीज मालमत्ता कर, पाणीपट्टी व निरनिराळीं शुल्कें हीं उत्पन्नाचीं साधनें आहेत. सार्वजनिक नळ वाहता सोडला किंवा बागेंतलें बांकडें मोडलें, तर नुकसान सरकारचें झालें असें आपण म्हणतों. वास्तविक तें आपल्याच घरच्या पैशाचें झालेलें असतें.

एवढी माहिती कोणत्याहि पुस्तकांत मिळेल. परंतु नगरकारभार म्हणजे काय, हें आम्हांस पुस्तकानें शिकविलें नाहीं. आमच्या आळींतल्या एका गटारानें शिकविलें.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. पावसाळ्याच्या आरंभींच तें गटार तुंबलें. थोडी सर आली कीं काळें पाणी तळमजल्यावरच्या खोल्यांत शिरे. एका बिऱ्हाडांतील आजीबाई तापानें अंथरुणास खिळल्या होत्या. त्यांची खाट विटांवर चढवावी लागली. आळींत जो तो चिडला होता. चहाच्या दुकानीं, जिन्यावर, देवळाच्या पायरीवर एकच विषय चाले. आम्हींहि दोन वेळां कार्यालयांत जाऊन तोंडी सांगून आलों व आपलें कर्तव्य झालें असें समजलों. महिना गेला तरी कोणी फिरकलें नाहीं. तिसऱ्या वेळीं आम्हीं रागानेंच बोलूं लागलों, तेव्हां खिडकीपलीकडील कारकुनानें विचारिलें, “अर्ज केव्हां दिलात? आवक क्रमांक काय?” आमच्याजवळ तो नव्हता. महिनाभर आम्हीं बोललों होतों पुष्कळ, लिहिलें कांहींच नव्हतें.

त्या रात्रीं त्याच आजीबाईंची नववींत शिकणारी नात कागद घेऊन आमच्याकडे आली व म्हणाली, “काका, शाळेंत आम्हांस अर्ज लिहिण्यास शिकवितात. मी लिहूं का?” तिनें जागा लिहिली, जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक लिहिला, पाणी कोणत्या तारखेपासून तुंबतें व किती घरांत शिरतें तें लिहिलें, आणि घरांत आजारी माणूस आहे हेंहि लिहिलें. रागाचा एक शब्द तींत नव्हता. चौदा बिऱ्हाडांच्या सह्या घेऊन दुसरे दिवशीं अर्ज दिला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व क्रमांक घेतला. आठव्या दिवशीं माणसें आलीं.

येथें गोष्ट संपती तर आम्हीं ती अभिमानानें सांगितली असती. परंतु झांकण निघालें व आंतून गाळ वर येऊं लागला, तेव्हां आम्ही सारे भोंवतीं उभे होतों. दुधाच्या पिशव्या निघाल्या, करवंट्या निघाल्या, निर्माल्याच्या गांठोड्या निघाल्या, एक फाटकी चप्पल निघाली. शेवटीं एक शाळेची वही निघाली. तिला प्लॅस्टिकचें वेष्टण होतें, त्यामुळें नांवाची चिठ्ठी अजून वाचतां येत होती. ती आमच्याच घरांतील मुलाची होती. कामगारानें ती काठावर ठेविली आणि कांहीं न बोलतां पुन्हां फावडें उचललें. ज्या गटाराबद्दल आम्हीं महिनाभर दुसऱ्यांस दोष देत होतों, तें तुंबविण्यांत आमचाहि हात होता. आणि आमचा कचरा काढण्यासाठीं दुसऱ्या एका माणसास त्या घाणींत कोपरापर्यंत हात घालावे लागले होते. त्या दिवसाची लाज आम्ही अद्याप विसरलों नाहीं, व विसरूं इच्छीत नाहीं.

कोणी म्हणेल, एका वहीनें काय होणार? २६ जुलै २००५ या दिवशींचा पाऊस पालकांनीं पाहिला आहे. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराचीं जुनीं पर्जन्यगटारें ताशीं केवळ २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबानें बांधलेलीं होतीं. एवढा पाऊस कोणत्याहि गटारानें सोसला नसता, हें खरें. परंतु ज्या गटाराची शक्ति मुळांतच थोडी, त्याची वाट आपण पिशव्यांनीं आणखी अरुंद केली, तर साध्या पावसांतहि तेंच संकट दाराशीं येतें. राज्यांत २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पण बंदी कागदावर असते आणि पिशवी हातांत असते. तिचें पालन हातानेंच व्हावयाचें असतें.

हीं कामें क्षुद्र आहेत, थोर माणसांच्या योग्यतेचीं नाहींत, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून कांहीं वर्षें पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, आणि व्हाइसरॉयच्या स्वागतावर पैसा उधळण्यास त्यांनीं तेथें विरोध केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं त्याच नगरपालिकेचें अध्यक्षपद भूषविलें. सरदार वल्लभभाई पटेल १९२४ ते १९२८ या काळांत अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. ज्यांनीं देशाचा विचार केला, त्यांस नळ व गटार यांचा विचार करण्यांत कमीपणा वाटला नाहीं.

विद्यार्थ्यांनीं या लेखांतून कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आपल्या विभागाचें अक्षर व कार्यालयाची जागा माहीत करून घ्यावी. तक्रार करणें झाल्यास ती लेखी करावी. तींत नेमकी जागा, तारीख व घडलेली गोष्ट असावी, कोणाची निंदा नसावी. शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी. दूरध्वनीनें तक्रार करावयाची असेल तर महानगरपालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. तेथेंहि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें दहा रुपये शुल्क भरून माहिती मागतां येते, आणि ती सामान्यतः तीस दिवसांच्या आंत द्यावी लागते. पालकांनींहि लक्षांत ठेवावें कीं जन्ममृत्यूची खबर एकवीस दिवसांच्या आंत दिली तर नोंदणीस शुल्क पडत नाहीं. पुढें शाळेच्या प्रवेशाच्या वेळीं दाखल्यासाठीं जी धांवाधांव होते, ती बहुधा याच आळसाचें फळ असतें.

काम झाल्यावर त्या मुलीनें आणखी एक कागद लिहिला. तो आभाराचा होता. गटार साफ झालें, पाणी वाहूं लागलें, आजीबाईंची खाट पुन्हां जमिनीवर आली, आणि ज्यांनीं गाळ काढिला त्यांचे आम्ही ऋणी आहों, एवढाच मजकूर. कार्यालयांत तो देतांना कारकुनानें दोनदां वाचला, मग त्यावरहि शिक्का मारून क्रमांक घातला. तो कागद आम्हीं घरीं जपून ठेविला आहे, आणि त्याच्यापाशींच ती वहीहि धुऊन, वाळवून ठेविली आहे. घरांतील मुलें केरकचरा घेऊन खालीं जाऊं लागलीं म्हणजे प्रथम तिच्याकडे पाहतात.