भार त्याच्यावर, काम आपल्याकडे

अगं, परवा उपासनेनंतर तू जे बोललीस ते माझ्या मनातून जात नाही. सोयाबीन ऐन काढणीत भिजलं, मोंढ्यावर डागी माल म्हणून भाव पाडून मागितला, बचत गटाचा हप्ता तोंडावर आलाय, थोरली नांदेडला नीटच्या क्लासला आहे, घरी सासूबाईंचं औषधपाणी. एवढं सगळं सांगून तू म्हणालीस, “ताई, जो तो म्हणतो, प्रभूवर भार टाक. मी रोज रात्री टाकते. सकाळी उठले की तो परत माझ्याच डोक्यावर. माझा विश्वासच कमी पडतोय का?”

नाही गं. विश्वास नसता तर तू रोज रात्री त्याच्यापुढे बसलीच नसतीस. पेत्राने पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सगळी चिंता देवावर टाकायला सांगितलंय. ज्यांना त्याने ते लिहिलं, ती माणसं छळ सोसत होती. एकदा टाकली की चिंता परत येणार नाही, असं त्याने त्यांना कुठेही सांगितलेलं नाही. आली तर पुन्हा द्यायची. दहा वेळा आली तर दहा वेळा द्यायची. देणं म्हणतात ते हेच, त्यात हरण्यासारखं काही नाही.

मला वाटतं तुझी ओढाताण दुसऱ्याच कारणाने होतेय. काम आणि त्याचा शेवट, या दोन्हींची तू एकच मोट बांधली आहेस. करिंथच्या मंडळीला पौल शेतकऱ्याच्या भाषेत समजावतो: लावणारा एक, पाणी देणारा दुसरा, पण वाढवणं दोघांच्याही हातात नाही, ते देवाचं. आपल्या नायगाव भागातल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. पेरणी, खुरपणी, फवारणी आपली. पाऊस आपला नाही. देवाला द्यायचा तो हा शेवट. खुरपं त्याच्या हातात देऊन बांधावर बसायला त्याने सांगितलेलं नाही.

पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकातली हन्ना आठव. मूल नाही, सवत टोचून बोलते, नवऱ्याच्या मायेनेही दुःख हलकं होत नाही. ती मंदिरात जाऊन रडली आणि मनातल्या मनात अशी प्रार्थना करत राहिली की ओठ हलताना दिसतात पण आवाज येत नाही. एली याजकाला वाटलं, बाई दारू पिऊन आलीय. तिने त्याला सरळ सांगितलं, मी प्यालेली नाही, मी माझं मन देवापुढे ओतलंय. मग ती उठली, जेवली, आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. इथे जरा थांबून बघ. तेव्हा तिच्या पदरात काहीही पडलेलं नव्हतं, शमुवेल झाला तो पुढे. तिची भूक परत आली ती उत्तर मिळण्याआधीच.

आणि पुढचा भाग तर मला त्याहून आवडतो. तो मुलगा तिने देवाच्या सेवेला दिला, म्हणजे खरोखर सोपवला. तरी दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून घेऊन जायची. लेकरू देवाचं, मग मला काय, असं तिने म्हटलं नाही. त्याचं आयुष्य देवाच्या हाती दिलं आणि झगा स्वतःच्या हाताने शिवला. तुला जे सांगायचंय ते सगळं मला या दोन गोष्टींत सापडतं.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत असं जगून दाखवलं ते पंडिता रमाबाईंनी. त्यांच्यावर आलेलं ओझं आठवलं की माझं मला मोजावंसं वाटत नाही. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, 1882 मध्ये, नवरा कॉलऱ्याने गेला, तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं.

आता त्यांचे बेत बघ. अमेरिकेतल्या लोकांनी 1887 मध्ये दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. पुढे काय, म्हणून रमाबाईंनी पुणे जिल्ह्यात केडगावला जमीन घेतली. विहिरी खणायच्या, फळबाग लावायची, तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं. बाई देवभोळी नव्हती, दहा वर्षांपुढचा हिशेब मांडणारी होती. पण 1896-97 चा दुष्काळ आला. एकेकाळी स्वतः भुकेने फिरलेल्या रमाबाईंना घरात बसवलं नाही. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुलींना घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेगची साथ आणि तिचे निर्बंध. एवढ्या मुली शहरात ठेवायची सोय राहिली नाही. मग त्यांना नेलं कुठे? केडगावच्या त्याच शेतावर. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन अनाथ लेकरांचं घर झाली, तीच त्यांची ‘मुक्ती’ संस्था. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात पोचली.

बाग लावताना रमाबाईंना हे ठाऊक नव्हतं. पण बाग लावायलाच त्या गेल्या नसत्या, तर मुली आणायला जागाच नसती. म्हणून तू बेत करणं सोडू नकोस. नीतिसूत्रांच्या सोळाव्या अध्यायात हेच आहे: माणूस मनात वाट आखतो, पावलं देव चालवतो. आखायला मनाई नाही. याकोब आपल्या पत्रात काही जणांना रागावतो, ते बेत आखल्याबद्दल नव्हे, तर प्रभूची इच्छा मधे न आणता उद्याचा दिवस आपल्या खिशात असल्यासारखं बोलतात म्हणून.

रमाबाईंचा एक बेत मात्र पुरा झाला नाही, आणि तोही मला तुला सांगितलाच पाहिजे. मनोरमा शिकून हाताशी आली. शारदा सदनाचं काम तिने सांभाळलं, गुलबर्ग्याला मुलींसाठी शाळा काढण्यात पुढाकार घेतला. त्या काळी आपलं नांदेड आणि गुलबर्गा दोन्ही निजामाच्याच राज्यात, म्हणजे ती आपल्याच मुलखात कामाला आली होती. आपल्यामागे लेक हे सगळं बघेल, असंच आईला वाटणार. 24 जुलै 1921 ला मनोरमा गेली, चाळिशीत. त्यानंतर रमाबाई नऊ महिनेही जगल्या नाहीत, 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. पण त्या मधल्या महिन्यांत काय केलं? हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवायचं काम त्यांनी बरीच वर्षं चालवलं होतं, ते पुरं करत आणलं. लेक देवाघरी गेली, तरी हातातलं काम सोडलं नाही.

मनोरमा का गेली, हे मला कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव मी आणणार नाही. तूही आणू नकोस. 2025 च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या मुखेड तालुक्यात रात्रीत गावांत पाणी शिरलं, माणसं गेली, दावणीची जनावरं गेली. अशा घरी जाऊन “देवाची योजना असेल” असं म्हणू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले, तिथे चुकले.

देवाशी बोलतानाही असंच खरं बोल. पुष्कळ बायका प्रार्थनेत एकदम “तुझी इच्छा पूर्ण होवो” वर येतात, कारण दुःख सांगितलं तर तक्रार केल्यासारखं वाटतं. अगं, गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आधी काय मागितलं? हा प्याला टळू दे. एकदा नाही, तीनदा मागितलं. शिष्यांना म्हटलं, माझ्याबरोबर जागे राहा. आणि मग आपली इच्छा पित्याच्या हाती दिली. आधी मागणं, मग देणं. प्रत्यक्ष पुत्राला जे शोभलं ते तुला का शोभणार नाही? सोयाबीन गेलं त्याचं दुःख झालंय, तर तसं म्हण. हप्त्याची भीती वाटतेय, तर हप्त्याचा आकडा त्याच्यापुढे उच्चारून सांग.

आणखी एक. भार देवावर टाकताना तो घरातल्या दुसऱ्याच माणसावर पडत नाही ना, हेही बघ. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि देवाचा दरबार सुरू केला. त्यांची भक्ती मोठी, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाच, म्हणजे त्या घरातली चूल कोण सांभाळत होतं ते कळेल. एकाने विश्वासाने जगायचं आणि पिठाच्या डब्यात हात घालायला दुसरीने जायचं, हे बरं नाही. तुमच्या घरी प्रार्थना होते तेव्हा भावजींनाही जवळ बसव. प्रार्थना झाली की हप्त्याची वही दोघांनी मिळून उघडा. सगळा हिशेब तू एकटीच मनात वाहतेस, म्हणून तुझी झोप उडालीय.

सासूबाईंच्या गोळ्या चालूच ठेव. प्रार्थनेला बसलो म्हणून औषध बंद करा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. प्रार्थनेसाठी पैसे मागणारा कुणी भेटला, तर आधी आपल्या पाळकांना विचार.

आता थोरलीचं. तिला डॉक्टर करायचं हे तू ती पाचवीत असल्यापासून धरून बसली आहेस. लातूर-नांदेडच्या क्लासांनी अख्ख्या मराठवाड्याला हे स्वप्न दिलंय, त्यात वाईट काही नाही. पण ते स्वप्न तिचंही आहे का, हे एकदा शांतपणे विचार. पौलाला बिथुनियाला जायचं होतं, रस्ता बंद झाला. त्रोवसात रात्री दृष्टांतात एक मासेदोनियाचा माणूस बोलावताना दिसला, म्हणून तो फिलिप्पैला गेला. तिथे जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया भेटली, तिच्या घरात मंडळी उभी राहिली. पुढे बंदिवासातून पौलाने ‘कशाचीही चिंता करू नका’ या अर्थाचं जे पत्र लिहिलं, ते याच फिलिप्पैकरांना. त्याच्या पहिल्या बेतात ते गाव नव्हतंच. तुझ्या लेकीला यंदा गुण कमी पडले, तर तिच्यापुढचे सगळे रस्ते बंद झाले असं तिला कधी वाटू देऊ नकोस. अभ्यासासाठी तिला पहाटे उठव, डबा पाठव, फी भर. तो तुझा झगा. निकालाच्या दिवशी तिला जवळ घे, मग निकाल काहीही असो.

आज रात्री एक कर. वहीचं एक पान घे. एका बाजूला लिही, उद्या माझ्या हातून काय होऊ शकतं: ई-पीक पाहणीची नोंद झालीय का ते बघणं, पंचनाम्याचं तलाठ्याला विचारणं, गटाच्या अध्यक्षबाईंकडे हप्त्याला मुदत मागणं, सासूबाईंच्या गोळ्या. दुसऱ्या बाजूला लिही, काय माझ्या हातात नाही: भाव, पाऊस, परीक्षेचा पेपर, म्हातारपण. मग दुसरी बाजू एकेक करून मोठ्याने वाच आणि प्रत्येक ओळीनंतर म्हण, प्रभू, हे तुझं. पहिली बाजू वाचताना म्हण, प्रभू, यासाठी बळ दे. मग झोप. मध्यरात्री जाग आली आणि मन हिशेबाला बसलं, तर ती ओळ कुठल्या बाजूची आहे एवढंच बघ. पहिल्या बाजूची असेल तर सकाळी करायची. दुसऱ्या बाजूची असेल तर ती आधीच देऊन झालीय, पुन्हा दे.

आणि हे ठाम सांगते. तुझं किंवा भावजींचं मन कधी इतकं खचलं की जगणंच नको वाटलं, तर त्या क्षणी प्रार्थनेच्या जोडीला माणूस शोधायचा. मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. सरकारची टेलिमानस म्हणून 14416 ही मोफत सेवा आहे, तिथे रात्रंदिवस मराठीत बोलता येतं. त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही. प्रभूनेही त्या बागेत मित्रांना जवळ बोलावलं होतं. ते झोपले, ते वेगळं. आम्ही झोपणार नाही.

रविवारी ते पान घेऊन ये. महिला मंडळात सगळ्यांपुढे वाचायला नको. आपण दोघी मागच्या बाकावर बसू, तुझ्या दुसऱ्या बाजूवर मी तुझ्याबरोबर प्रार्थना करीन, आणि पहिल्या बाजूतलं तलाठी कार्यालयाचं काम सोमवारी माझ्याकडे दे. मी येते तुझ्याबरोबर.