सुई खाली ठेव

प्रिय बाय,

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात बायकांनी मला गाठलं. "तुमची पुतणी तर आफ्रिकेत डॉक्टरीण झाली!" म्हणत एकीने मोबाइल पुढे केला. हातमोजे घातलेली तू, हातात भरलेली सिरिंज, समोर आईच्या मांडीवर पालथं घातलेलं पोर. तुझ्या बाबानेच कौतुकाने तो फोटो सगळीकडे धाडला होता. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तू बी.कॉम. आहेस. युगांडात गुलूकडच्या त्या मिशनच्या दवाखान्यात तू तीन महिन्यांसाठी निघालीस, तेव्हा नोंदी ठेवायच्या, मुलांचा अभ्यास घ्यायचा, सिस्टरांच्या हाताखाली पडेल ते काम करायचं, एवढंच ठरलं होतं. मग ही सुई तुझ्या हातात आली कशी? दवाखान्यात रांग होती, नर्स एकटीच होती, असं तू म्हणशील. मलेरियाने तिकडचे वॉर्ड कसे भरतात, हे मलाही ठाऊक आहे. तरीही नाही म्हणजे नाही.

पोराच्या कुल्ल्यावर सुई कुठे टोचायची, हे नर्सिंग शिकताना आमच्याकडून किती वेळा घोटून घेतलं होतं! वरचा, बाहेरचा चतकोर भाग, तेवढाच. त्याच्या खाली किंवा आतल्या बाजूला गेलीस तर पायात उतरणारी मोठी नस दुखावते आणि पोराचं पाऊल लुळं पडतं. क्विनिनची इंजेक्शनं चुकीच्या जागी बसून पाय अधू झालेली मुलं युगांडात पुष्कळ आहेत. आपल्याकडेही मी अशी मुलं पाहिली आहेत. आई त्याला कडेवर आणते, खाली ठेवते, आणि ते पाऊल टाकायला जातं तेव्हा बोटं जमिनीवर घासतात. ताप उतरलेला असतो, पण चालणं जन्माचं बिघडलेलं असतं.

सलाईनचं तर नावच काढू नकोस. सूज आलेल्या कुपोषित मुलाच्या पायावर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि बराच वेळ भरून येत नाही. अशा मुलाचं हृदय दुबळं असतं. ते सुकलंय असं वाटून कुणी घाईने सलाईन सोडलं, तर त्या पाण्याचा भार हृदयाला पेलत नाही आणि मूल हातचं जातं. युगांडातच, जिंजाला, एका तरुण अमेरिकन बाईने वैद्यकीय शिक्षण नसताना कुपोषित मुलांचं केंद्र चालवलं. देवाने बोलावलं म्हणून आले, असं ती सांगायची. २०१० ते २०१५ या काळात तिथे शंभराहून जास्त मुलं दगावली. २०१९ मध्ये दोन आयांनी कोर्टात दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली; तिने दोष मान्य केला नाही. ती मनाने वाईट होती असं मी म्हणत नाही. तिची तळमळ खरी असेलही, आणि म्हणूनच मला तुझी भीती वाटते. तुझीही तळमळ खरी आहे.

वसईत तू कुणाच्या लेकराला अशी सुई टोचली असतीस का? त्याच्या बापाने दवाखाना डोक्यावर घेतला असता. तिथली आई गप्प राहिली, कारण तू परक्या देशातून, मिशनच्या नावाने आलीस आणि तुला येत असणारच असं तिने धरलं. तिचा हा विश्वास फार मोठा आहे, बाय. त्याला धक्का लावू नकोस.

तू ज्या गुलूला आहेस, तिथलं लाचोर हॉस्पिटल बघून ये. कोंबोनी मिशनऱ्यांनी १९५९ मध्ये ते सुरू केलं. १९६१ मध्ये इटलीचे डॉ. पिएरो कोर्ती आणि कॅनडाच्या डॉ. ल्युसिल टीझडेल तिथे आले, लग्न करून तिथेच राहिले. ल्युसिल सर्जन होत्या. लढाईतल्या जखमींवर शस्त्रक्रिया करताना त्यांना एचआयव्हीची लागण झाली आणि १९९६ मध्ये त्या गेल्या. पण त्या दोघांनी केलेलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे तिथल्याच माणसांना तयार करणं. २००० मध्ये इबोला आला तेव्हा तो ओळखला डॉ. मॅथ्यू लुक्विया या तिथल्याच अचोली डॉक्टरने. वॉर्ड न सोडता त्यांनी साथ झेलली आणि त्याच डिसेंबरात त्याच रोगाने ते गेले. त्या मातीत अशी माणसं आहेत. तुझ्या दवाखान्यातली ती एकटी नर्सही त्यांच्यातलीच. तिला विचार, "मी काय करू?" आणि ती सांगेल तेवढंच कर.

फार बोलले का? बोलू दे. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षी मिशन संडेला आफ्रिकेत राहून आलेल्या एक सिस्टर आपल्या चर्चमध्ये बोलल्या होत्या. मी जायचं ठरवलं, फॉर्मही भरला. पण आजी अंथरुणाला खिळलेली, तुझा बाबा शाळेत. तो फॉर्म ट्रंकेतच राहिला. पुढे नोकरी, पेन्शन, सगळं झालं. तेवढं एक राहिलं, आणि ते अजून सलतं. तू निघालीस तेव्हा विमानतळावर मी का रडले, हे तुला आता कळेल.

म्हणून तू परत ये असं मी म्हणणार नाही. तिथे राहा. मुलांचा दंड पट्टीने कसा मोजायचा हे नर्सकडून शिकून घे. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लाल भागात आलेलं मूल लगेच तिच्याकडे पाठव. औषधांचा स्टॉक रजिस्टर नीट लावून दे. गोळ्या कधी संपणार हे महिनाभर आधी कळलं तर केवढा फरक पडतो, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे, आणि हिशेबात तुझा हात कुणी धरणार नाही. अचोली भाषा शीक. आपले संत गोन्सालो गार्सिया वसईहून जपानला गेले, ते तिथल्या लोकांत मिसळले जपानी बोलूनच. आणि श्रद्धा शिकवायच्या भरात पडू नकोस, ती त्यांच्याकडे आधीच आहे. दाऊदी ओकेलो आणि जिल्दो इर्वा ही कोवळ्या वयाची दोन अचोली मुलं १९१८ मध्ये पाइमोलला धर्मशिक्षण देताना मारली गेली. २००२ च्या मिशन संडेला पोपसाहेबांनी त्यांना धन्यवादित घोषित केलं. मिस्साला तिथल्या बायकांच्या शेजारी बस, त्यांची गाणी शीक. तिथे होऊन गेलेल्या युद्धाबद्दल आपणहून विचारू नकोस. तुझ्याहून थोड्या मोठ्या बायकांचं बालपण तिथे छावण्यांत गेलं आहे.

मलेरियाची गोळी चुकवू नकोस, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोप. तुझ्या बाबाला मी काही बोलले नाही, त्याचा आनंद तसाच राहू दे. रागावले असले तरी रोज रोजरीत तुझं नाव घेते, आणि तू गेलीस याचा मला जो अभिमान आहे तो या घरात आणखी कुणाला नसेल.

पत्र मिळालं की फोन कर आणि सुई खाली ठेवली एवढं सांग. तुझे रात्रीचे नऊ म्हणजे इथले साडेअकरा. कर, मी जागीच असते.

तुझी,
आत्या