बॅबेल लावलं, तरी प्रॉमिस सापडेना

प्रश्न : मी जावास्क्रिप्ट शिकते आहे. नव्या पद्धतीने लिहिलेला कोड बॅबेलमधून काढला, तरी कॉलेजच्या लॅबमधल्या इंटरनेट एक्सप्लोरर ११ वर 'प्रॉमिस इज अनडिफाइन्ड' अशी एरर येते. बॅबेल सगळं जुन्या भाषेत करून देतं ना?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सगळं नाही, आणि गोम तिथेच आहे. नव्या आवृत्तीत दोन प्रकारची भर पडते. एक व्याकरणाची : ॲरो फंक्शन, क्लास वगैरे. दुसरी तयार सामानाची : प्रॉमिस, ॲरेवरचं इन्क्लूड्स वगैरे. बॅबेल मुख्यतः पहिलीचं बघतं. ते तुमच्या कोडचा सिंटॅक्स ट्री बनवतं, ॲरो फंक्शनच्या जागी साधं फंक्शन बसवतं, आतल्या 'धिस'चा अर्थ बदलू नये म्हणून तो बाहेरच एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवतं आणि मग त्या ट्रीवरून कोड नव्याने लिहून काढतं. 'प्रॉमिस' हे मात्र त्याच्या लेखी नुसतं एक नाव. त्यात व्याकरणाचं काहीच खटकत नाही, म्हणून ते तसंच पुढे जातं. ब्राउझरकडे त्या नावाची वस्तूच नसते.

ती बाहेरून पुरवायची, म्हणजेच पॉलिफिल द्यायचं. कोअर-जेएस ही लायब्ररी तुमच्या फाइलच्या आधी लोड करा, ही एरर जाईल. पॉलिफिललाही मर्यादा आहेत : 'प्रॉक्सी' पूर्णपणे असं पुरवता येत नाही, कारण ऑब्जेक्टवरची प्रत्येक हालचाल अडवणं इंजिनाच्या आतूनच जमतं.

हा सारा खटाटोप का सुरू झाला? जावास्क्रिप्टची ईएस-५ ही आवृत्ती आली २००९ साली, पुढची मोठी आवृत्ती थेट २०१५ मध्ये. भर प्रचंड, ब्राउझर मागे. २०१४ मध्ये 'सिक्स टू फाइव्ह' नावाचं साधन निघालं, त्याचंच पुढच्या वर्षी बॅबेल झालं. तेव्हापासून भाषेची आवृत्ती दरवर्षी निघते. दरम्यान ब्राउझर बरेच पुढे आलेत. विंडोज १० वरच्या एक्सप्लोररचा पाठिंबा तर मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्येच काढून घेतला.

म्हणून माझं मत : शिकताना बॅबेल नकोच. त्यातून निघालेला कोड वाचून भाषा शिकणाऱ्याचा गोंधळच वाढतो. प्रोजेक्ट एक्सप्लोररवरच दाखवायची सक्ती असेल, तर बॅबेलसोबत कोअर-जेएस जोडा. नसेल, तर लॅबच्या सरांना फायरफॉक्स टाकून द्यायला सांगा आणि मूळ कोड थेट चालवा.