जुन्या संगणकाचा प्रोसेसर बदलावा का?

आपल्या संगणक कक्षातील जुने संगणक फार मंद चालतात. प्रोसेसर बदलावेत का? शाळेकडे पैसे मोजके आहेत, म्हणून आधी आपण कारण शोधू.

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू ठेवून आकडे पाहा. सीपीयू सतत १०० टक्क्यांजवळ असेल, तर प्रोसेसर कमी पडतो. मेमरी भरलेली असेल, तर रॅम वाढवावी. डिस्क १०० टक्के आणि सीपीयू निवांत असेल, तर नवा प्रोसेसरही डिस्कची वाट पाहत बसेल. तेव्हा एसएसडी बसवावी.

प्रोसेसरच कमी पडत असेल, तर मदरबोर्डचा सॉकेट पाहावा. इंटेलच्या ११५५ सॉकेटमध्ये दोन कोअरच्या आय३-२१०० ऐवजी चार कोअरचा आय५-२४०० बसतो. २०१३ साली आलेल्या चौथ्या पिढीला मात्र ११५० सॉकेट लागतो.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत वरील दोन्ही प्रोसेसर नाहीत. म्हणजे प्रोसेसर बदलूनही ती अडचण सुटत नाही.

लक्षात ठेवा, जुना प्रोसेसर जुन्या मदरबोर्डबरोबरच निवृत्त होतो. एसएसडी मात्र काढून पुढच्या संगणकात बसवता येते.