सूर्याचे स्वरूप

वसमतच्या शिवारात शिजविलेली हळद उन्हात पसरली म्हणजे काही दिवसांत हळकुंडे खडखडीत वाळतात. हे काम करणारा सूर्य आपणांपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा प्रकाश येथे पोहोचण्यास सव्वाआठ मिनिटे लागतात. इतक्या दुरून उष्णता देणारा हा गोल आहे तरी कसला?

सूर्य हा एक ताराच होय. त्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट आहे. तो घन नसून तप्त वायूंचा गोल आहे. वजनाने सुमारे पाऊण हिस्सा हायड्रोजन आणि उरलेला बहुतेक हेलियम. पृष्ठभागाचे उष्णमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तर गर्भाचे दीड कोटी अंश असते.

चुलीतील लाकडाप्रमाणे सूर्य जळत नाही. तो कोळशाचा असता तर काही हजार वर्षांतच विझला असता. त्याच्या गर्भात हायड्रोजनच्या चार अणुगर्भांपासून हेलियमचा एक बनतो, आणि त्यात जे किंचित वस्तुमान घटते त्याची ऊर्जा होते. दर सेकंदास सुमारे ४० लाख टन वस्तुमान असे खर्ची पडते. तरीही सुमारे ४६० कोटी वर्षे तो तळपत आहे.

सूर्याभोवतीचे प्रभामंडल एरवी त्याच्या तेजात लोपते. खग्रास ग्रहणात मात्र ते डोळ्यांना दिसते. २२ जानेवारी १८९८ रोजी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अशाच ग्रहणाचे वेध घेतले. २०२३ साली निघालेल्या ‘आदित्य-एल१’ या भारतीय यानावरील एक दुर्बीणही पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आहे.

२ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास ग्रहण दिसेल. पालकांस आमची विनंती आहे की, मुलांस काजळलेल्या काचेतून किंवा पाण्यातील प्रतिबिंबात सूर्य पाहू देऊ नये. डोळ्याच्या पडद्यास वेदना कळत नाही. म्हणून तो भाजत असताना मूल ओरडतही नाही, आणि गेलेली दृष्टी पुष्कळदा परत येत नाही. पुठ्ठ्यास बारीक छिद्र पाडावे, सूर्याकडे पाठ करावी आणि छिद्रातून भिंतीवर पडणारे सूर्यबिंब खुशाल पाहावे. कुतूहल पुरते आणि डोळेही शाबूत राहतात.