पडत्या बाजारात घरखर्च कुठून काढायचा?

प्रश्न : मी ६१ वर्षांचा आहे. सांगलीजवळच्या एका खासगी कारखान्यातून गेल्या वर्षी निवृत्त झालो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ४८ लाख हातात आले. त्यातले ३८ लाख शेअरच्या म्युच्युअल फंडांत घातले, ६ लाखांची सहकारी बँकेत एफडी केली, ४ लाख बचत खात्यात आहेत. ईपीएसची पेन्शन २,९०० रुपये, घरखर्च २८ हजार. म्हणून फंडातून दरमहा २५ हजार आपोआप काढून देणारी एसडब्ल्यूपी लावली. वर्षभरात ३ लाख काढले आणि मग बाजार कोसळला. आता फंडात २९ लाख उरलेत. मुलगा म्हणतो, हात लावू नका. शेजारी म्हणतात, सगळं काढून एफडी करा. रात्र रात्र झोप लागत नाही. काय करू?

उत्तर : सर्वांत आधी एक करा. दरमहाची ती एसडब्ल्यूपी थांबवा. बाकीचं पुढचे काही महिने सावकाश करता येईल.

फंडाच्या युनिटचा भाव १०० रुपये होता, तेव्हा २५ हजारांसाठी तुमची २५० युनिट विकली जात होती असं धरा. भाव ८० वर आला की तेवढ्याच पैशांसाठी ३१२ विकावी लागतात. वर्षभर हेच चाललं तर ३,००० ऐवजी ३,७५० युनिट जातात. उद्या भाव पुन्हा १०० झाला, तरी ती जादा गेलेली ७५० युनिट तुमच्याकडे नसतात. बाजार सावरतो, तुमची पुंजी तेवढी सावरत नाही.

मुलाचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं आहे. तो कमावता आहे. त्याची एसआयपी, म्हणजे दरमहाची ठरावीक गुंतवणूक, असेल तर पडत्या बाजारात त्याला त्याच पैशांत जास्त युनिट मिळतात. तुमचं गणित नेमकं उलटं चालतं. एकाच घरात, एकाच पडझडीत, एकाचा फायदा आणि दुसऱ्याचं नुकसान होऊ शकतं. हे त्याच्याशी एकदा निवांत बसून बोला, म्हणजे वाद मिटेल.

निवृत्तांच्या बाबतीत पडझड केव्हा येते, याला फार महत्त्व आहे. दोघांकडे ५० लाख आहेत आणि दोघंही दर वर्षाच्या सुरुवातीला ४ लाख काढतात, असं समजा. पहिल्याला तीन वर्षांत आधी ३० टक्के घट, मग १० टक्के वाढ, मग ३० टक्के वाढ मिळाली. दुसऱ्याला तेच आकडे उलट्या क्रमाने मिळाले. पैसे काढलेच नसते तर दोघंही सारख्याच ठिकाणी पोचले असते. पण तीन वर्षांनी पहिल्याकडे सुमारे ३५ लाख १३ हजार उरतात, दुसऱ्याकडे ४० लाख १७ हजार. पाच लाखांचा हा फरक केवळ वाईट वर्ष आधी आल्यामुळे पडतो. तुमचं वाईट वर्ष सुरुवातीलाच आलं. यात तुमचा दोष नाही.

तुम्ही सांगलीकडचे आहात, म्हणून हरिपूरची पेवं आठवली. हळद जमिनीखालच्या खोल पेवात ठेवायची आणि भाव येईपर्यंत पेव फोडायचं नाही, ही तिथली जुनी रीत. पण थांबणं त्यालाच परवडायचं, ज्याची चूल दुसऱ्या पैशावर पेटत होती. ज्याला उधारी भागवायची असायची, त्याला येईल त्या भावाला हळद काढावी लागायची. तुमची चूल पेटती ठेवणारा तो दुसरा पैसा तुमच्याकडे आहे, तो आधी वापरा. बचत खाते आणि एफडी मिळून १० लाख होतात. त्यातले २ लाख आजारपणासाठी बाजूला ठेवा. उरलेल्या ८ लाखांतून दरमहा २५ हजार काढले तर ३२ महिने निघतात.

एवढे पुरतील का? जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,१६० पर्यंत घसरला आणि २१ हजार पुन्हा दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. म्हणजे जवळपास ३४ महिने. २०२० मध्ये मात्र २३ मार्चला एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडलेला बाजार नोव्हेंबरमध्ये नव्या उंचीवर होता. आणि जपानचा निक्केई? डिसेंबर १९८९ ची उंची ओलांडायला त्याला फेब्रुवारी २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. ‘बाजार शेवटी वर येतोच’ असं सांगणाऱ्याला ‘कधी?’ हे विचारायचा हक्क ६१ व्या वर्षी माणसाला आहे. हरिपूरच्या कितीतरी पेवांत २००५ च्या पुरात पाणी शिरलं, हेही तुम्ही जवळून पाहिलं असेल.

म्हणून स्पष्ट सांगतो. ४८ पैकी ३८ लाख शेअरच्या फंडांत ठेवणं तुमच्या वयाला जास्त होतं. ते दुरुस्त करायला हवं, पण घाबरून एका दिवसात नको. दर तीन महिन्यांनी ३ लाख असे चार हप्त्यांत १२ लाख फंडातून काढा आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. प्रत्येक वेळी नवं खातं उघडता येतं. एकूण मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख आहे. व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं आणि खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो. मुदतीआधी पैसे काढले तर कपात होते, म्हणून आजारपणाचे २ लाख यात घालू नका. ८.२ टक्के दर धरला तर १२ लाखांवर महिन्याला ८,२०० रुपये पडतात. मग तूट २५ हजारांवरून १६,८०० वर येते आणि तेच ८ लाख ३२ महिन्यांऐवजी जवळपास चार वर्षं पुरतात. या विक्रीत थोडा तोटा पदरात पडेल, ते मी लपवत नाही. पण तुमची गेलेली झोप मला त्याहून महाग वाटते.

शेजाऱ्यांचा सल्ला मात्र पूर्ण मानू नका. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तरी आजचे २८ हजार १२ वर्षांनी ५६ हजार होतात. तेव्हा तुम्ही ७३ वर्षांचे असाल. त्या दिवसांसाठी उरलेले १७ लाख फंडांत राहू द्या आणि त्यांची किंमत रोज मोबाइलवर पाहू नका. बाजार सावरला की त्यातून पुढच्या दोन-तीन वर्षांचा खर्च काढून पुन्हा बाजूला ठेवता येईल.

एफडीबद्दलही दोन शब्द. एका बँकेत एका ठेवीदाराला व्याज धरून ५ लाखांपर्यंतच ठेव विमा मिळतो. तुमची ६ लाखांची ठेव त्याच्या वर जाते. मुदत संपताच ती दोन बँकांत विभागा. जास्त व्याजासाठी पतसंस्थेकडे वळू नका, तिथल्या ठेवींना हा विमा लागू नाही.

एसडब्ल्यूपी थांबवण्याच्या अर्जावर कारवाई व्हायला काही दिवस लागतात. पुढच्या हप्त्याची तारीख पासबुकात बघून अर्ज त्याआधीच द्या. जाताना पत्नीलाही बरोबर न्या आणि प्रत्येक खात्यावर त्यांचं नाव नॉमिनी म्हणून लागलं आहे ना, ते त्याच फेरीत तपासून घ्या.